वरचा सांभार

विमान खाली पडलं. उतरलं नव्हे, पडलं. विहिरीत बादली सुटते तसं. मी खाली गेले आणि माझं पोट वरच राहिलं. मागे कुणाचं तरी मूल किंचाळलं. पाच मिनिटांपूर्वी ज्या पोरी हसत पाणी वाटत होत्या, त्या धावत जाऊन आपापल्या खुर्चीत पट्टे लावून बसल्या. त्यांचं हसू गेलेलं पाहिलं तेव्हा मला कळलं की हे रोजचं नाही.

खिडकीशी माय होती, मध्ये मी, कडेला शोभा. माय म्हणजे सुलभाची आई, वय शहात्तर. शोभा आमच्या कंपनीत पंपाच्या मोटारीच्या कॉइलची तार गुंडाळते. तिघींपैकी एकीनंही त्या दिवसाआधी विमान आतून पाहिलं नव्हतं.

"मेलो वं मावशी आपन!" शोभा ओरडली.

"मरू तेव्हा मरू. आधी माझा हात सोड. नखं रुतून राहिले तुझे."

पुन्हा पडलं. आता डाव्या अंगावर. मायनं डोळे उघडे ठेवून हाक मारली, "सुलभेऽऽ!" सुलभा जणू पलीकडच्या खोलीत भाकरी थापत बसली होती.

सुलभा तिथे नव्हती. जिच्यामुळे आम्ही त्या ढगात होतो ती बाई खाली नागपुरात कंपनीच्या स्टोअरमध्ये आपली औजारं मोजून परत देत होती. अकरा वर्षं विमानानं फिरलेली ती जमिनीवर, आणि आम्ही तिघी अधांतरी! मला तिचा असा राग आला की काय सांगू. आणि खोटं कशाला बोलू, एवढी मजाही मला उभ्या जन्मात आली नव्हती.

सुलभा रामटेके ही आमच्या कंपनीतली पंपाची इंजिनिअर. खाणीत साचलेलं पाणी उपसायचे मोठाले पंप आमच्याकडे बनतात. पंप बंद पडला की खाणीत पाणी चढतं, काम थांबतं, आणि मग आमच्या ऑफिसात फोन वाजू लागतात. उमरेडची खाण असली तर सुलभा जीपनं जायची, कन्हानची असली तर स्वतःच्या स्कूटरवर, आणि लांबची असली तर विमानानं. महिन्यातून तीनदा, कधी चारदा. मी त्याच कंपनीत सगळ्यांचा चहा-नाश्ता आणि जेवण बनवते, आणि इंदोऱ्यात तिच्या शेजारी राहते. म्हणून मला ती दोन्हीकडची माहीत. ऑफिसात मी तिला मॅडम म्हणायचे, घरी सुलभा.

दिसायला काही खास नव्हती. बुटकी, रुंद खांद्यांची, केस कानामागे क्लिप लावून घट्ट. बाजारातल्या कुठल्याही चपला तिला चावायच्या, म्हणून बारा महिने पुरुषी बूट. पंपासमोर मांडी घालून बसायची, लांब पेचकसाचं टोक पंपाला लावायची, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायची. बाकीचे इंजिनिअर कॉम्प्युटर लावत बसायचे तोवर ही सांगून मोकळी व्हायची, "घसा बसला याचा. आतली बेअरिंग गेली." उघडून पाहिलं की बेअरिंगच गेलेली असायची. माणसाचं ऐकतानाही तिचे डोळे असेच मिटलेले असायचे. नव्या माणसाला वाटायचं, झोपली.

दौऱ्यावरून आली की घरी न जाता सरळ माझ्याकडे, ऑफिसच्या स्वयंपाकघरात यायची. बॅग खाली ठेवायची, उभ्या उभ्या तर्रीपोहे खायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मावशी, मागं कसं होतं?" कोलकाता कसं होतं, विमानात काय मिळालं, हे आम्ही विचारावं तर ती उत्तर द्यायची नाही. "तिकडं काय राह्यते? पंप राह्यते." मागं कसं होतं, हे मात्र तिला नीट पाहिजे असायचं. मायनं गोळ्या घेतल्या का. नळ किती वाजता आला. शोभानं जी मोटार बांधायला घेतली होती ती झाली का.

कारण ती बाहेर गेली की मायजवळ मी झोपायला जायचे. अकरा वर्षं गेले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते, मी मागितलेही नव्हते. शेजारी म्हणून जायचे. आणि सुलभा तिकडे खाणीत उभी असायची तेव्हा इकडे शोभा जळालेल्या मोटारीची तार उलगडून नवी गुंडाळायची. चार दिवसांचं काम दोन दिवसांत. एकदा लांबच्या एका खाणीनं आमच्या साहेबांना पत्र पाठवलं, रामटेके मॅडमनी खाण वाचवली म्हणून. सुलभा म्हणाली, यात शोभाचं नाव घाला. साहेब म्हणाले, पत्र त्यांचं आहे, आपण कसं घालणार? सुलभानं ते पत्र छापून घेतलं, आपलं नाव पेनानं खोडलं, वर शोभाचं लिहिलं आणि शोभाच्या मशीनवर चिकटवून टाकलं. अजून आहे तिथे. तेलानं काळं झालं आहे, पण आहे.

भेटवस्तू आणायची तिला अक्कल नव्हती. विमानातून माझ्यासाठी फक्त कागदी पिशव्या आणायची. जाड, आतून गुळगुळीत, तोंड दुमडता येणाऱ्या. भाजीसाठी इतक्या चांगल्या की मी प्रत्येक वेळी विचारायचे, "आणल्या काय वं?" त्या कशासाठी असतात ते तिनं मला कधी सांगितलं नाही. तिलाही त्यात गंमत वाटत असणार.

माय तिला दर वेळी एकच विचारायची. "कुठं जाते वं तू मले सोडून?" सुलभा गावाचं नाव सांगायची. "गाव नाही पुसून राहिली. वर कुठं जाते?" माय आठ वर्षांची असताना दीक्षेच्या वर्षी बापाचं बोट धरून उमरेडहून नागपूरपर्यंत पायी आली होती. ती सगळ्यांना सांगायची, "मी पाय घासत आली, अन् माझी पोरगी उडत जाते. मले एकदा पाह्यचं हाय, थे कुठून जाते तं." तिचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले होते, काही सांगता येत नाही. म्हणजे जे पाहायचं ते लवकर पाहायला हवं होतं.

आता पॉइंटांचं सांगते. विमानानं सारखं गेलं की विमानवाले पॉइंट देतात. ते साठले की त्यांवर फुकट तिकीट मिळतं. सुलभाचे पुष्कळ साठले होते. तिनं कधी हात लावला नव्हता. आमच्याकडे पुण्याहून नवे व्यवस्थापक आले, घाटेसाहेब. आल्या महिन्यातच त्यांनी बोर्डावर कागद लावला. कंपनीच्या कामाच्या प्रवासात मिळालेले सगळे पॉइंट एक तारखेला कंपनीकडे जमा होतील, पुढच्या दौऱ्यांची तिकिटं त्यातून निघतील.

दोन इंजिनिअरांनी तो कागद वाचला आणि संध्याकाळपर्यंत पॉइंटांवर मिक्सर आणि बॅगा मागवून मोकळे झाले. सुलभा मात्र सरळ साहेबांच्या खोलीत गेली. मी चहा घेऊन मागोमाग गेले. मला ऐकायचंच होतं.

"साधी गोष्ट आहे, मॅडम," घाटेसाहेब म्हणाले. "तिकीट कंपनीचं, काम कंपनीचं. त्यावर जे मिळतं ते कंपनीचं."

"अर्धं कंपनीचं," सुलभा डोळे मिटून म्हणाली. "अर्धं मागं थांबणाऱ्यांचं."

"आणि तुमचं?"

"मला पगार मिळतो ना."

साहेब गोंधळले. भांडायला आलेला माणूस स्वतःसाठी काहीच मागत नाही म्हटल्यावर भांडायचं कसं? ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. समजा, कंपनीच्या पैशांनी तुम्ही भाजी आणली..."

"समजा कशाले? रोजच आनतो ना."

"बरं. भाजीवाल्यानं वर कोथिंबीर फुकट दिली. ती कोणाची?"

आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. कॉटन मार्केटात माझा ठरलेला भाजीवाला आहे. तीस माणसांची भाजी घेतली की तो वर सांभाराची जुडी टाकतो. ती जुडी मी घरी नेते.

"माझा," मी म्हटलं.

"तुमची कशी?"

"सकाळी उठून मी जातो. हुज्जत मी घालतो. थैली मी उचलतो. तो भाजीवाला पैशाले सांभार देत नाही साहेब, मले देते. तुम्ही जाऊन पाहा, एक काडी देईल तं."

मला वाटलं, जिंकले. साहेब हसले. "म्हणजे इतकी वर्षं कंपनीची कोथिंबीर तुमच्या घरी जाते आहे." चोर म्हणाले नाहीत. पण मी कपबश्या उचलून बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी सांभार साहेबांच्या टेबलावर ठेवू लागले. सुलभानं आणलेल्या त्याच कागदी पिशव्यांत, रोज एक जुडी. पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "भाजीत टाका ना." मी म्हटलं, "साहेब, हिशेबात भाजी लिहिली हाय, सांभार लिहिला नाही. तुम्हीच सांगा कुठं जमा करायचा." सोमवारी सुरू केलं, शनिवारी खोलीत सहा पिशव्या. एप्रिलची गरमी. सांभार कुजला की काय वास सुटतो ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. शिवाय साहेब विमानातून फिरलेले, त्यांना ती पिशवी कशाची हे पक्कं ठाऊक. भेटायला आलेला प्रत्येक माणूस टेबलावरच्या त्या सहा पिशव्यांकडे बघे, मग साहेबांकडे बघे. शेवटी शनिवारी ते दारात येऊन ओरडले, "बाई, न्या हो हे घरी! रोजची घरी न्या!"

सुलभा पॅसेजमध्ये उभी होती. "मग नियम काय झाला, साहेब?"

"कोथिंबीर वेगळी," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी सुलभा किती हसली! भिंतीला धरून हसली. तिला तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पण घाटेसाहेब काही वाईट माणूस नव्हता आणि त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, हेही लिहायला पाहिजे. पैसा कंपनीचाच होता. वाटे घालणारी सुलभा कोण, हा त्याचा प्रश्न बरोबर होता. आज हिनं अर्धे वाटले तर उद्या मिक्सरवाले म्हणतील, आमचेही वाटे. महिना संपायला तीन दिवस राहिले तेव्हा त्यानं सुलभाला बोलावलं, आणि मला आणि शोभालाही बोलावलं. त्याच्या हातात एक कागद होता.

पॉइंटांवर दुसऱ्याला बसवायचं असेल तर विमानवाल्यांकडे आधी नावं द्यावी लागतात. सुलभाच्या पॉइंटांच्या कार्डावर तीन नावं होती. मायचं, माझं, शोभाचं.

"नियम लागल्यावर घाईघाईनं टाकलीत ना ही?" साहेब म्हणाले. "मैत्रिणींना फिरवायला?"

"तारीख वाचा."

त्यांनी वाचली. मग चष्मा काढून पुन्हा वाचली. आठ वर्षांपूर्वीची होती. जेव्हा कार्ड मिळालं त्याच आठवड्यातली.

शोभा रडायला लागली. मला तर आधी रागच आला. आठ वर्षं माझं नाव विमानवाल्यांच्या वहीत आहे आणि मला पत्ता नाही! विचारायचं तरी!

साहेबांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, मला वर उत्तर द्यायचं असतं. सगळे पॉइंट जमा करा. यातून एक जरी तिकीट काढलंत, तर एक तारखेपासून येऊ नका."

"अर्धे जमा करते," सुलभा म्हणाली.

"सगळे."

सुलभानं डोळे मिटले. पेचकस कानाला लावते तशी बसली. मी तिला खाली वाकून म्हटलं, "एका विमानापायी नोकरी नको घालवू वं."

ती मला हळूच म्हणाली, पण साहेबांनाही ऐकू गेलं. "माय पुसते, कुठं जाते तू. अकरा वर्षांत मले सांगता नाही आलं, मावशी. आता तिचा डोळा हाय तोवर पाहू दे तिले."

आणि तिनं फोन काढला. तिथेच, साहेबांच्या टेबलावर! "मावशी, तुझं वय किती लावू?"

"आधार कार्डावर हाय थे लाव. खरं कोनाले माहीत?"

हैदराबादची तीन तिकिटं निघाली. जातानाचीच. अर्ध्या पॉइंटांत येतानाची बसत नव्हती आणि दुसऱ्या अर्ध्याला ती हात लावायला तयार नव्हती. ते तिनं तिथल्या तिथे कंपनीच्या नावे लिहून दिले. परत यायला रेल्वे. तिनं स्वतःचं तिकीट विकत घेतलं असतं, पण ज्या दिवशी विमान त्याच दिवशी स्टोअरवाल्यानं औजारं परत मागितली होती. एक पाना कमी निघाला असता तरी तिच्यावर बोट आलं असतं. म्हणून ती आली नाही.

विमानतळाच्या दारापर्यंत आली. तिकीट नसलेल्याला शिपाई आत सोडत नाही. आम्ही आत गेलो आणि मागे वळलो, तर ती काचेबाहेर उभी. पुरुषी बूट, खांद्याला औजारांची बॅग. दोन्ही हातांनी कमरेशी पट्टा जुळवून दाखवत होती. असा धरायचा, असा खोचायचा, असा ओढायचा. आम्हाला कळलं नाही असं वाटून पुन्हा. शिपाई तिला हटकत होता आणि ती त्यालाही पट्टा लावून दाखवत होती.

मग ते उडालं! बाई गं! जमीन तिरकी झाली, नागपूर तिरकं झालं, घरं काडेपेटीएवढी! शोभा देवाचं नाव घेत होती, मी मायला खिडकीकडे ढकलत होते. माय काचेला नाक लावून त्या एका डोळ्यानं पाहत होती.

"उमरेडचा रस्ता कोनता वं?"

मला काय माहीत? मी एक पांढरी रेघ दाखवली. "थो."

माय किती तरी वेळ बघत राहिली. "एवढासाच व्हता? मले तं लय मोठा वाटला व्हता."

समोरच्या जाळीत हात घातला तर माझी सांभाराची पिशवी! तीच, गुळगुळीत, दुमडायच्या तोंडाची. मी शोभाला दाखवली, "पाह्य वं, सुलभाची पिशवी." शोभानं त्यावरचं वाचून मला सांगितलं की ती ओकायची पिशवी आहे. मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी त्यांतून कंपनीला मिरच्या खाऊ घातल्या होत्या.

तेवढ्यात ढग आले आणि आम्ही पडलो. ते वर सांगितलं आहे. तीनदा पडलो. तिसऱ्यांदा शोभानं ती पिशवी ज्या कामाची आहे त्याच कामाला लावली. माझे दोन्ही हात गुंतले होते, एक शोभाच्या पाठीवर, एक मायच्या मांडीवर, आणि मनात मी सुलभाला शिव्या देत होते. पट्टा मात्र तिनं दाखवला तसाच खोचला होता. तिघींचाही.

चाकं जमिनीला लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायनं नाही वाजवल्या. ती म्हणाली, "असं होते काय तिले?"

"रोज नाही होत, आजी," शोभा तोंड पुसत म्हणाली. "कधी कधी."

"मंग सांगत काहून नव्हती?" मायनं पट्टा सोडवला. मग म्हणाली, "आता नाही पुसत मी."

हैदराबाद आम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं. विमानतळावरून स्टेशन, स्टेशनवरून रेल्वे. सकाळी नागपूरच्या प्लॅटफॉर्मवर सुलभा उभी होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात मीच विचारलं, "मागं कसं होतं?"

"नोकरी गेली," ती म्हणाली. "बाकी ठीक. पाने पुरे भरले."

मायनं तिच्याकडे पाहिलं, मग हात वर करून दृष्ट काढावी तसा तिच्या डोक्यावरून फिरवला. विचारलं काहीच नाही.

पत्र पाठवणाऱ्या त्या लांबच्या खाणीनं दोन महिन्यांत सुलभाला बोलावून घेतलं. ती मायला घेऊन गेली, विमानानं, स्वतःच्या पैशांनी. मी विमानतळावर गेले होते. या वेळी मी काचेबाहेर आणि ती आत. गर्दीत तिचे बूट तेवढे दिसले, मग ती वळली आणि तिनं हात वर केला. मी दोन्ही हात कमरेशी नेऊन तिला पट्टा लावून दाखवला. शिपायानं मला बाजूला सरकायला सांगितलं. सरकले. परत पाहिलं तर ती दिसत नव्हती.

तिच्या जागी आता दुसरा इंजिनिअर आहे. पॉइंट कंपनीकडे जमा होतात. सांभार माझ्या घरी जातो.

शोभा म्हणते, लिहितेस तर त्या विमानात कोण होतं ते नीट लिही, नाही तर लोकांना वाटेल सुलभा मॅडम होत्या. म्हणून लिहिते. हैदराबादच्या विमानात सुलभाची माय, शोभा आणि मी होतो. तिघीही उतरलो.